पिकअपचं ॲव्हरेज: लिटर मोजायचे की क्विंटल?

पहाटे साडेतीनला जांबोटीत चहाच्या टपरीसमोर गोव्याकडं निघालेले पिकअप ओळीनं उभे असतात. हौद्यात कोबी, फ्लॉवर, मिरची, वर ताडपत्री. ड्रायव्हर मंडळींचं पहिलं बोलणं भाजीच्या दराचं, दुसरं ॲव्हरेजचं.

“किती देती ओ तुमची?”

“चौदा देती की.”

“माझी अकराच्या वर सरकंना झालीया. गाडी तर सेम.”

गाडी सेम, इंजिन सेम, गोव्याला उतरणाऱ्या चोर्ला घाटाचा रस्ता सेम, आणि लिटरमागं तीन किलोमीटरचा फरक. हे कोडं मला गेल्या वर्षी नीट सोडवावं लागलं. येळ्ळूरचा माझा मामेभाऊ जुना छोटा हत्ती (टाटा एस) विकून नवी गाडी घेणार होता. मी यार्डातल्या चार-पाच गाडीवाल्यांचे हिशेब लिहितो, म्हणून तो माझ्याकडं आला. “दादा, सगळ्यात जास्त ॲव्हरेजची कुठली ते सांग, तीच घेतो.” डिझेलचा धसका सगळ्यांनीच घेतलेला होता. कर्नाटकानं डिझेलवरचा विक्रीकर जून २०२४ मध्ये वाढवला आणि एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा वाढवला. त्याच्या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देता येईना, म्हणून हे सगळं लिहितोय.

कंपनीचा आकडा कुठून येतो

ब्रोशरवरचं ॲव्हरेज खोटं नसतं. ते आपल्या रस्त्यावरचं नसतं, एवढंच. चाचणीत गाडी रोलरवर चढवतात. चाकं फिरतात, गाडी जागेवरच. किती सेकंद किती वेग, कधी ब्रेक, कधी उभं राहायचं, सगळं ठरलेलं असतं. हौद्यात दीड टन कोबी नसतो, समोरून येणारी एसटी नसते, पावसाळ्यात कणकुंबीच्या अलीकडचे खड्डे नसतात. शाळेच्या मैदानावर शंभर मीटर धावलेला पोरगा डोक्यावर गवताचा भारा घेऊन शेताच्या बांधावरून किती पळेल, हे त्या घड्याळावरून सांगता येत नाही. तसंच हे.

त्या आकड्याचा एक उपयोग मात्र आहे. एकाच वर्गातल्या, एकाच चाचणीत बसलेल्या दोन गाड्यांची आपसात तुलना त्यावरून होते. त्यापलीकडं तो पाठ करू नये.

डिझेल नेमकं कोण पितं

एक लिटर डिझेलमधल्या उष्णतेचा मोठा भाग रेडिएटर आणि सायलेन्सरमधून हवेत जातो. चाकापर्यंत साधारण तिसरा हिस्सा पोचतो. टाकीतल्या डिझेलवर चार गिऱ्हाइकं टपलेली असतात.

पहिलं टायर. टायर रस्त्यावर दर फेऱ्याला दबतो आणि पुन्हा फुगतो, त्यात ताकद जाते. वजन दुप्पट झालं की हा खर्चही जवळजवळ दुप्पट. हवा कमी असेल तर आणखी. ओल्या बांधावरून कमी हवेची सायकल रेटलेल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही.

दुसरं गिऱ्हाईक वारा. त्याला वजनाशी देणं-घेणं नाही, त्याला वेग लागतो. ताशी ६० वरून ८० वर गेलात तर वेग सव्वापटीपेक्षा थोडाच जास्त झाला, पण वाऱ्याचा विरोध पावणेदोन पट होतो. निपाणी ते बेळगाव सुमारे ७५ किलोमीटर. साठच्या वेगानं सव्वा तास, ऐंशीनं जेमतेम १९ मिनिटं कमी. त्या १९ मिनिटांसाठी काय मोजतो ते हायवेवर दिसत नाही, महिन्याच्या वहीत दिसतं. ताडपत्री सैल बांधून फडफडत नेली तर वाऱ्याला आयतं बोलावणंच.

तिसरं उभ्या गाडीचं इंजिन. यार्डात लिलाव होईतो एसी लावून बसायची सवय नवी आहे. उभं डिझेल इंजिन तासाला अर्धा लिटर, एसी असेल तर त्याहून जास्त सहज खातं. चौथा चढ.

घाटाची भीती जरा जास्तच

आपल्याकडं घाटाच्या नावानं सगळं खपतं. “चोर्ला हाय ओ, ॲव्हरेज कुठलं येतंय” म्हटलं की विषय संपला. एकदा आकडा मांडून बघू.

बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास उंचावर आहे, गोव्याची बाजारपेठ जवळजवळ समुद्राला टेकलेली. एक टन वजन तेवढं वर आणायला, चाकापर्यंत पोचणारा तिसरा हिस्साच धरला तरी, पाऊण लिटरपेक्षा जास्त डिझेल लागत नाही. रिकामा पिकअप पावणेदोन टनांच्या आत-बाहेर असतो. म्हणजे परतीला निव्वळ उंचीचा खर्च सव्वा लिटर. परतीत टनभर नारळ भरला तर दोन लिटर. बाकी सगळं टायर, वारा आणि खालच्या गिअरमध्ये ओरडणारं इंजिन.

आपल्या भाजीवाल्यांचं नशीब असं की माल उतरतो आणि रिकामी गाडी चढते. कोकणातून जांभा दगड वर आणणाऱ्यांचं गणित उलटं. म्हणून “गोवा लाइनीला किती देते” असं विचारताना भरून कुठल्या दिशेला, हेही विचारावं. एकाच गाडीची दोन उत्तरं येतील आणि दोन्ही खरी असतील.

घाटात खरं नुकसान होतं ते ब्रेकवर. वर चढवलेलं वजन उतरताना जे देणं परत करतं, ते आपण ब्रेकच्या लायनरमध्ये जाळून टाकतो. मग प्रश्न येतो तो जुना.

“उतारावर न्यूट्रल केली की डिझेल वाचतं”

जुन्या इंजिनांच्या काळात यात थोडं तथ्य होतं. आताच्या डिझेल गाड्यांत किती डिझेल सोडायचं हे कॉम्प्युटर ठरवतो. गिअरमध्ये असताना ॲक्सिलेटरवरून पाय काढला की तो बघतो, चाकंच इंजिनला फिरवतायत, आणि डिझेल पूर्ण बंद करतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला त्याला डिझेल द्यावंच लागतं. म्हणजे न्यूट्रल करून आपण थोडं जास्त डिझेल जाळतो, वर सगळं वजन ब्रेकवर घेतो. भरलेली गाडी, तापलेले ड्रम आणि चोर्ल्याचं वळण हे एकत्र आलं की वाचवलेल्या डिझेलची चौकशी करायला कोणी थांबत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरात, पाय बाजूला ठेवून उतरा. कमी डिझेल त्यातच लागतं.

छोटी गाडी की मोठी

आता मामेभावाच्या मुद्द्यावर. ‘सगळ्यात जास्त ॲव्हरेज’ शोधत गेलं की आपण सगळ्यात छोट्या गाडीपाशी पोचतो, आणि तिथंच फसतो. आपण किलोमीटर विकत नाही, माल पोचवल्याचं भाडं घेतो. तेव्हा मोजायचं ते एक टन माल शंभर किलोमीटर न्यायला किती लिटर लागले हे.

हिशेबापुरते आकडे धरू. पाऊण टनाच्या वर्गातली गाडी भरून १८ देते. शंभर किलोमीटरला साडेपाच लिटर, माल ७०० किलो, म्हणजे टनामागं जवळजवळ आठ लिटर. दीड टनाच्या आसपास वाहणारी गाडी भरून १२ देते. शंभर किलोमीटरला आठ लिटर आणि थोडं वर, माल १४०० किलो. टनामागं सहा लिटर. ॲव्हरेज कमी असलेली गाडी डिझेल कमी खाते! पण त्याच मोठ्या गाडीत ७०० किलोच भरला तर ॲव्हरेज वाढून फार तर साडेतेरा होईल आणि टनामागं साडेदहा लिटर लागतील. तिघांत सगळ्यात महाग. बसमध्ये चाळीस सीटं असून दहाच माणसं बसली तर तिकिटाला परवडत नाही, तसंच.

म्हणून गाडी बघायच्या आधी स्वतःची वही बघावी. मी भावाच्या तीन महिन्यांच्या मालाच्या पट्ट्या काढल्या. आठवड्यात चार दिवस माल ११०० ते १३०० किलो, आणि तो छोट्या हत्तीच्या दोन फेऱ्या करत होता. दोन दिवस मात्र पाचशेच्या आत. चार दिवसांची गाडी घ्यायची, दोन दिवसांची नाही.

इथं दोन शब्द समजून घ्यावे लागतात. पेलोड म्हणजे कंपनीनं परवानगी दिलेला माल. जीव्हीडब्ल्यू म्हणजे रिकामी गाडी, माल, माणसं सगळं धरून कागदावर मंजूर असलेलं एकूण वजन. दुसरा आकडा सीमाभागात फार महत्त्वाचा, कारण मोटार वाहन कायद्यात ३००० किलोपर्यंतच्या मालगाडीला परमिटची अट नाही. काही पिकअपच्या कागदावर २९९० किलो असा चमत्कारिक आकडा दिसतो, तो त्यामुळंच. सकाळी गोवा, संध्याकाळी चंदगड, मधे बेळगाव असं ज्याचं फिरणं आहे, त्याला त्या दहा किलोंची किंमत कळते.

बाजारात पाऊण टनाला टाटा एस म्हणजे आपला छोटा हत्ती आणि मारुतीची सुपर कॅरी. त्यावर टाटा इंट्रा आणि अशोक लेलँडचा दोस्त, दोघांची डिझेल इंजिनं दीड लिटरच्या आसपास. त्यावर महिंद्राचा बोलेरो पिकअप, अडीच लिटरचं इंजिन. घाटात भरून ओढायला मोठं इंजिन सुखाचं. सपाटीवर, अर्ध्या मालावर तेच इंजिन बसून खातं. शर्यतीच्या खिल्लाराला कोणी रोज उसाच्या गाडीला जुंपत नाही आणि ओढीच्या बैलाला शर्यतीत उतरवत नाही. डबल केबिनचे देखणे पिकअप दिसतात, त्यांच्या मालकांना हा लेख वाचायची गरज नाही.

लिटरला दोन किलोमीटर जास्त, म्हणजे किती रुपये?

सगळे इथं घसरतात, मीसुद्धा घसरलोय. महिन्याला ३००० किलोमीटर आणि डिझेल ९० रुपये धरू. गाडी १० वरून १२ वर आली तर ३०० लिटरचे २५० झाले. पन्नास लिटर, साडेचार हजार रुपये वाचले. तेच १६ वरून १८ वर गेली तर वाचले फक्त २१ लिटर, एकोणीसशेच्या आत. दोन्हीकडं फरक ‘दोन’चाच.

तेव्हा सवय बदलावी. किलोमीटर भागिले लिटर करण्याऐवजी शंभर किलोमीटरला किती लिटर, असं वहीत लिहावं. खिशातून जाते तीच गोष्ट मग सरळ दिसते. यातूनच कमी ॲव्हरेजच्या गाडीत केलेली छोटी सुधारणाही का मोठी असते तेही कळतं.

दुसरी गोष्ट जास्तीच्या किमतीची. एखादं मॉडेल १२ ऐवजी १३ देतं पण साठ हजारांनी महाग आहे, असं समजा. ३००० किलोमीटर फिरणाऱ्याचे महिन्याला साधारण सतराशे वाचतील, पैसे तीन वर्षांत वसूल. महिन्याला हजार किलोमीटर फिरणाऱ्याला साडेआठ वर्षं लागतील. तोवर हौद्याचा पत्रा बदलायला येतो.

आणि सीमेवरची ती आणखी एक सवय. कर्नाटक, महाराष्ट्र, गोवा तिघांचे कर वेगळे, त्यामुळं दरही वेगळे. वाटेवरच्या स्वस्त पंपावर टाकी भरावी, त्यात शहाणपण आहे. पण लिटरला दोन रुपये वाचवायला पाच किलोमीटर आडवं जाऊन परत आलात, तर चाळीस लिटरवर वाचलेल्या ऐंशी रुपयांतले बहुतेक त्या दहा किलोमीटरनं खाल्ले.

सीएनजी, पेट्रोल की डिझेल

सीएनजीवाला सांगतो ते किलोमध्ये, डिझेलवाला सांगतो ते लिटरमध्ये. एक किलो सीएनजीत दीड लिटरला जरा कमी इतक्या पेट्रोलची ऊर्जा असते. शेर आणि पायलीची तुलना करू नये. दोघांचा रुपये प्रति किलोमीटर काढावा. आणि सिलिंडरचं वजन विसरू नये. सुपर कॅरीचं पेट्रोल मॉडेल ७४० किलो नेतं, सीएनजीचं ६२५. त्याशिवाय गॅसवर ताकद थोडी उतरते. बेळगाव शहरात दुकानं फिरणाऱ्याला सीएनजी चांगला. आंबोलीतून भरून चढायचं असेल तर विचार करावा.

पेट्रोलवाल्यांची नवी तक्रार आहे ती पेट्रोलमध्ये मिसळलेल्या २० टक्के इथेनॉलची. आपल्याच जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांत इथेनॉल होतं, तेव्हा याबद्दल जपून बोलावं लागतं. पण इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांशच ऊर्जा असते, हे काही राजकारण नाही. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही म्हटलंय की जुन्या इंधनासाठी बनवलेल्या चारचाकीचं ॲव्हरेज सहा-सात टक्क्यांनी आणि या इंधनासाठी जुळवलेल्या इंजिनाचं एक-दोन टक्क्यांनी घटेल. म्हणून पेट्रोल गाडी जुनी घेत असाल तर हे धरून चाला.

डिझेलमध्ये एप्रिल २०२० पासून बीएस-६ हा धुराचा नियम आला आणि सायलेन्सरमध्ये काजळी पकडणारी जाळी आली. ही जाळी अधूनमधून स्वतःला तापवून काजळी जाळते, त्यासाठी थोडं डिझेल जातं आणि सलग पळणं लागतं. दिवसभर यार्ड ते खडेबाजार अशा तीन किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्यांची जाळी तुंबते, दिवा लागतो, ॲव्हरेज पडतं, आणि मालक इंजिनाला शिव्या देतो. तसल्या फेऱ्यांना बॅटरीवरची छोटी मालगाडी खरंच बघावी. गोवा लाइनीला अजून नको, जाऊन-येऊन एका चार्जमध्ये होत नाही. भरून घाट उतरताना तिची बॅटरी उलट थोडी चार्ज होते, ही गंमत मात्र मला भारी आवडते.

“मग थोडा जास्तच भरला तर टनामागं आणखी स्वस्त की!”

हा प्रश्न भावानं विचारलाच. गणितानं बरोबर आहे, नाकारून चालणार नाही. पण २०१९ च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडचा दंड वीस हजार आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार आहे. त्यावर क्लच, स्प्रिंगचे पाटे, टायर. पाटा वाकला की मागची चाकं सरळ रेषेत धावत नाहीत, रस्त्यावर घासत जातात, आणि वाचवलेलं डिझेल तिथून परत जातं. उतारावरच्या ब्रेकचं वर बोललोच.

मग त्या दोन सेम गाड्यांचं काय?

अकरा देणाऱ्याची गाडी मी दिवसा नीट पाहिली. त्यानं घेतल्या घेतल्या हौद्याला जाड चेकर प्लेट मारून घेतलेली, बाजूला लोखंडी जाळी, पुढं बंपर, टपावर कॅरिअर. वजनकाट्यावर रिकामी गाडी कागदापेक्षा १६० किलोनं भारी भरली. म्हणजे तो रोज दोन माणसं फुकट गोव्याला नेऊन परत आणत होता. मागच्या टायरमध्ये हवा कमी. हायवेला लागला की ऐंशीच्या खाली नाही.

चौदावाल्याची कसर दुसरीकडं होती. तो टाकीचा काटा बघून अंदाजानं सांगायचा, तेही परतीच्या रिकाम्या गाडीचं. त्याला म्हटलं, टाकी गळ्यापर्यंत न भरता पंपाचं नोझल आपोआप बंद होईल तिथं थांबा, मीटर लिहा, चार फेऱ्या करा, पुन्हा त्याच पंपावर तसंच भरा. चार फेऱ्यांनंतर निघाले पावणेतेरा. चार दिवस तो माझ्याशी बोलला नाही.

अकरावाल्यानं कॅरिअर आणि बंपर काढला, हवा मालाच्या हिशेबानं ठेवली. तो आता बारा सांगतो. प्लेट काढायला मात्र तयार नाही.

शोरूमला जाताना

टेस्ट ड्राइव्हला रिकामी गाडी देतात आणि रिंगरोडवर एक चक्कर मारून आणतात. त्यातून सीट मऊ आहे एवढंच कळतं. आम्ही भावाबरोबर गेलो ते मागून वीस पोती तांदूळ घेऊनच. सेल्समन पोरगा आधी हसला, मग मॅनेजरला विचारून आला. हजार किलो भरून चढावर गाडी थांबवली, हँडब्रेक सोडून पुन्हा उचलली. जी गाडी पहिल्या गिअरात न ओरडता उचलते आणि चौथ्यात चाळीसला न ठोकता चालते, तिच्या इंजिनाची ओढ आपल्या मालाला पुरते. ठोकायला लागली की ड्रायव्हर गिअर खाली घेणार, म्हणजे रोजचं डिझेल जास्त. इको असं लिहिलेलं बटण असेल तर ते दाबूनही तोच चढ चढवून बघावा.

जुनी गाडी घेत असाल तर रिकामी वजनकाट्यावर घालून बघा, वेल्डिंग केलेलं लोखंड मालक सांगत नाही.

भावानं शेवटी तीन हजार किलोच्या आतली, सव्वा टनाच्या पेलोडची गाडी घेतली. हौद्याला फक्त लाकडी फळ्या टाकल्या. डॅशबोर्डच्या कप्प्यात वही आहे, त्यात मीटर आणि लिटरच्या शेजारी ‘क्विंटल’ असा तिसरा रकाना वैनीनं आखून दिलाय. परवा बघितलं तर रविवारच्या ओळीत क्विंटलच्या जागी ‘पाहुणे, सौंदत्ती यल्लम्मा’ असं लिहिलं होतं.